सामाईक भिंत

महापेच्या सातव्या मजल्यावर आमच्याकडे
पिंगुळकरांनी लिहिलेली एक फाइल होती,
अकरा हजार ओळींची.
माथ्यावर शेरा: हात लावण्याआधी मला विचारा.
पिंगुळकर निवृत्त होऊन चार वर्षं झाली.
त्यांचा नंबर आता कुडाळच्या एका रोपवाटिकेत लागतो.

पाण्याचं बिल, थकबाकी, सवलत, एसेमेस,
सगळे एकाच गोधडीत.
एकाने कूस बदलली की दुसरा उघडा.
विलंब आकार अर्ध्या टक्क्याने बदलला, तर
ऐरोलीतल्या तीनशे घरांना
रात्री दोन वाजता वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या.
हसलो आम्ही. नंतर. बऱ्याच नंतर.

मी राहते बेलापूरला, आर्टिस्ट व्हिलेजात.
इथे बांधणाऱ्याने एक शहाणपण केलं:
कुणाची भिंत कुणाला चिकटवली नाही.
मढवींनी वर खोली चढवली,
मुलगी बंगळुरूला गेली तशी उतरवली,
आता तिथे पेंढ्यावर अळंबी लावून बघतायत,
आणि माझ्या फळीवरचा कप
एकदाही किणकिणला नाही.

त्या कपाकडे बघत बसले होते एका रविवारी.

सोमवारी नबीलाने विचारलं, कापायचं कुठून?
म्हटलं, जिथे सारखं दुखतं तिथून.

सात महिने गेले.
एकेक तुकडा सोडवायचा, त्याला स्वतःचं दार द्यायचं,
दारातून काय येणार, काय जाणार
तेवढं मात्र लिहून ठेवायचं.
आतला पसारा ज्याचा त्याने बघावा.
आणि नव्या प्रत्येक खोलीला बाहेरून एक बटण.

गुरुवारी नबीलाचं नवं बिल,
रंगीत, वापराच्या आलेखासकट,
शंभरातल्या पाचजणांना दाखवलं.
घणसोलीच्या एक बाई फोनवर म्हणाल्या,
चित्र छान आहे हो, पण भरायचे किती?
चार वाजता तिने बटण बंद केलं.
उरलेल्या पंच्याण्णवांना पत्ता नाही.
चहा आला, तो गरमच होता.

ती खजील. मी मनातल्या मनात खूश:
इतक्या स्वस्तात चुकायला
मला माझ्या पंचविशीत कुणी दिलं नव्हतं.

संध्याकाळी माझ्याच फाइलीच्या माथ्यावर
शेरा लिहायला बसले. दोनदा खोडला.
शेवटी एवढंच ठेवलं:
पाडायचं असेल तर पाडा, विचारू नका.
आकडा तेवढा मोठा ठेवा.