दुसरी वेलांटी

कीथलीच्या प्राथमिक शाळेत, कोटांच्या खुंट्यांखाली,
एक बुटकं टेबल आहे.
मंगळवार-गुरुवार, सव्वानऊ ते पावणेदहा, ते माझं.
वर ओल्या लोकरीचा वास, खाली चार जोड बुटांची चुळबुळ
आणि मधे लॅमिनेट केलेली चित्रं :
मधमाशी, पान, शेत, किल्ली.

आवाज एकच. ओठ ताणा, दात दाखवा,
फोटो काढताना हसता तसं : ईऽऽ.
इथवर सगळेच हुशार.
मग मी कार्ड उलटं करते.

मधमाशीत दोन ई, जुळ्या बहिणी, हातात हात.
पानात ई बोलते,
ए नुसती सोबतीला आलेली, तोंड उघडत नाही.
शेतात आय पुढे, ई मागे.
किल्लीत शेवटी वाय, शेपटी खाली सोडून.
'पीपल'मधल्या ओला कुणी बोलावलं
ते मला विचारू नका,
मी इथली नाही, मी नुसती टीचिंग असिस्टंट.

झुझाना विचारतेच.
तिच्या भाषेत अक्षराच्या डोक्यावर एक काडी ठेवली
की स्वर लांबतो, काम संपलं.
शहजेब म्हणतो, पाठ करून टाक, का विचारू नको.
तो सात वर्षांचा आहे.

ह्या गटात दोन रीस आहेत.
एकाला दोन ई. दुसऱ्याला एकही नाही :
त्याच्याकडे वाय आहे,
आणि एक एच, जो कुणालाच ऐकू येत नाही.
हाक मारली की दोघंही वळतात.
वायवाला जरा उशिरा.
वाचायची वेळ आली की हा टोपडं पुढे ओढतो.

"मिस, तुमच्याकडे ई किती?"
टोपड्याच्या आतून.
मी छोट्या फळ्यावर काढून दाखवली :
अक्षराच्या उजवीकडे उभी,
मागे वळून त्याच्यावर छत्री धरलेली.
"एकच?"
"एकच."
बराच वेळ तो तिच्याकडे बघत राहिला,
दुसऱ्याच्या डब्यात बघावं तसा.

खोटं बोलले मी.
पहिली वेलांटी सांगितलीच नाही.
शब्दाच्या शेवटी दीर्घ, सोमणबाई टेबलावर पट्टी आपटून सांगायच्या,
आणि मग त्याच 'आणि' घालायच्या,
जो तोंडाने लांबवायचा, हाताने आखडायचा.
दर शनिवारी शुद्धलेखनात
त्या एका शब्दापायी माझा अर्धा गुण गेला.
ह्या कवितेतही तो किती वेळा आलाय,
प्रत्येक वेळी थांबून पाहिलंय.

माझ्या नावातली दुसरी वेलांटी
ठाण्याच्या पासपोर्ट कचेरीत राहिली.
कारकुनाने एक आय टाकला, पुढचा माणूस बोलावला.
सहा वर्षं तो आय गळ्यातल्या बिल्ल्यावर लटकतोय.
कुणी मिनल म्हणतं, कुणी मायनल.
मी दोघांनाही ओ देते.

एका मंगळवारी वायवाला रीस पळत आला, टोपडं मागे पडलेलं.
"मिस, आपलं गाव!"
स्टेशनच्या पाटीवर त्याने वाचलं होतं, स्वतः :
एका नावात दोन ई, दोन्ही निरनिराळ्या सोंगातल्या,
आणि मधे जी-एच, जे चक्क थ म्हणतात.
"इतकी वर्षं चुकीचं लिहिलंय, कुणी सांगितलं नाही!"
आम्ही ते आमच्या यादीत घातलं, पीपलच्या खाली.

नाताळच्या सुट्टीआधी त्याने कार्ड दिलं.
बर्फाचा माणूस, गाजर जरा जास्तच लांब.
आत माझं नाव :
एम, मग ई, मग ए, पानातल्यासारखं.
मी लाल पेन उचललं.
मोठ्याने वाचून पाहिलं.
मीनल.
टोपण परत लावलं.

जानेवारीत त्याने शेत पुन्हा दोन ईंनी लिहिलं.
बाहेर बर्फ होतं, कोट जास्तच ओले.
मी कार्ड उलटं केलं.