थांबा क्रमांक चौदा

कंडक्टरच्या हातातलं यंत्र रात्री डेपोत येतं
आणि दिवसभराचं सगळं ओकतं:
कोण कुठे चढलं, कितीचं घेतलं, किती वाजता.
कुठे उतरलं, ते मात्र
भाड्याच्या टप्प्यावरून मी अंदाजाने भरते.

तीन महिन्यांचा तक्ता. सव्वीस थांबे, अठरा फेऱ्या.
हिरवे, पिवळे, लाल चौकोन,
आणि चौदाव्या थांब्यासमोर दुपारी तीनच्या रकान्यात
शून्य. शून्य. शून्य.
इतकं सरळ की वाटावं कुणी पट्टी लावून आखलंय.

देवधरसाहेब म्हणाले, आत वळायचंच कशाला?
मिठागर फाटकाचा वळसा काढा, गाडी सरळ हायवेने न्या.
फेरीमागे सात मिनिटं सुटतात,
नऊ फेऱ्यांच्या सुटलेल्या मिनिटांत
एक अख्खी फेरी निघते.
मी मान डोलावली. हिशोब बिनतोड होता.

दगडू म्हसकर, निवृत्तीला चार महिने,
कॅश भरून जाता जाता दारात थांबला:
"मॅडम, हे यंत्र चढला त्यालाच ओळखतं.
चुकला त्याचं तिकीट कोण फाडणार?"

मग मी गेले. डब्याच्या पिशवीत वही टाकून.
छप्पर नाही, बाकडं नाही,
खांबावर आमचाच गंजका पत्रा,
मार्गाच्या नंबरातला मधला आकडा उडालेला.
समोर गोळ्या पाकिटात भरायचा कारखाना.
दोन पंचावन्नला आमची गाडी आली.
ड्रायव्हरने थांबल्यासारखं केलं
आणि मला पाहून थोडा ओशाळून पुढे गेला.
तीनला भोंगा.
तीन वाजून पाच मिनिटांनी फाटक उघडलं
(आधी झडती असते, पर्स उलटी करून दाखवावी लागते)
आणि बायका बाहेर आल्या.
चार उभ्या रेघा, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
एकेचाळीस.

थांब्याकडे एकीनेही पाहिलं नाही.
काही जणी चौघींत एक रिक्षा करून गेल्या,
बाकीच्या चपला आपटत
खाडीच्या कडेने स्टेशनच्या दिशेला.
सुगंधा हुमणे नावाची एक बाई थांबली, वहीत डोकावली.
"बस होय? ती आमची नाही.
ती तीनच्या आधीची."

मी पंधरा मिनिटं मागितली.
दोन पंचावन्नचे तीन दहा, बाकी काही नको.
टिपणी, एक सही, दुसरी सही रजेवर,
मग तीही आली.
पुढच्या महिन्यात चौदासमोर सदतीस, एकोणचाळीस,
एका शुक्रवारी चव्वेचाळीस.
साहेबांना वाढ टक्क्यांत हवी होती.
तक्त्याने त्या चौकोनात चूक दाखवली,
शून्याने भागता येत नाही म्हणे.
मी ती चूक तशीच छापली.
टाचणी लावून दिली.

म्हसकरच्या निरोपाला पेढे होते.
त्याने बोट पुसून तक्त्यावर फिरवलं, हसला,
आणि नवव्या थांब्यापाशी बोट अडलं.
तिथे रोज चार तिकिटं असायची,
दोन बेचाळीसची, सगळ्यात कमी भाड्याची.
इतकी थोडी की मी त्यांना रंगसुद्धा दिला नव्हता.
आता तिथे शून्य.

कोण होते ते चौघे?
शाळा सुटायच्या आत पोचायचं होतं कुणाला,
की दवाखान्याची खिडकी तीनला बंद होते?
टप्प्यावरून एवढं कळत नाही.
पहिलं शून्य मला तयार मिळालं होतं,
हे मी केलंय,
माझ्या अक्षरातल्या टिपणीने.

वहीची अजून पानं उरलीत.
उद्या डबा लवकर उघडायचा.
अडीचला नवव्या थांब्यावर.