संप

काउंटीच्या कचेरीतल्या बाईने विचारलं,
याआधीची काउंटी कोणती?
मी म्हटलं, जत.
जे, ए, टी, एच.
लिहून झाल्यावर ती पेन धरून तशीच थांबली,
एवढंच असेल असं तिला वाटेना.

काउंटी म्हणजे तालुका की जिल्हा,
मल्लिनाथला अजून नीट सांगता येत नाही.
तो क्रेनच्या कारखान्यात जातो, अंधारात निघतो,
अंधारात परततो, मिशीत बर्फ घेऊन.

घर दाखवणाऱ्याने तळघरही दाखवलं.
कोपऱ्यात जमिनीत खड्डा, खड्ड्यात मोटर.
हा संप, तो म्हणाला.
मला हायसं वाटलं. संप मला माहीत होता.
आमच्या अंगणात होता, शहाबादी फरशीखाली,
लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप,
किल्ली आईच्या कमरेला.
आठ-दहा दिवसांनी नळ सुटायचा, बहुधा पहाटे तीनला,
आणि आम्ही बहिणी पालथ्या पडून
आत पाणी पडताना ऐकायचो.

किती लिटरचा? मी विचारलं.
त्याला प्रश्नच कळला नाही.
मग मला कळलं.
हा संप साठवत नाही. हा फेकतो.

मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं
तशी मोटर रात्रभर चालू बंद, चालू बंद.
दर खेपेला दोन घागरी, माझा अंदाज.
अंथरुणात पडून मोजायचे.
चोवीस. सव्वीस. अठ्ठावीस.
मल्लिनाथ म्हणायचा, झोप गं,
ते आपलं पाणी नाही.

तलाव आमच्या रस्त्याच्या टोकाला सुरू होतो.
पलीकडे मिशिगन आहे म्हणे.
आहे म्हणे, एवढंच.
पहिल्याच दिवशी, कुणी बघत नाही असं बघून,
मी ओंजळभर तोंडात घेतलं.
गोडं.
क्षितिजापर्यंत गोडं पाणी
आणि एक माणूस रांगेत नाही.

शेजारी व्हर्लिन डेलफॉस, वय ऐंशीच्या घरात.
न सांगता आमच्या दारातलं बर्फ काढून जातो.
नाताळात धुरी दिलेला मासा घेऊन आला,
वर्तमानपत्रात, बाळासारखा धरून.
आम्ही खात नाही हे सांगायला मी तोंड उघडलं
आणि थँक्यू म्हणाले.
मासा गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये आहे. अजून.

एप्रिलात वादळ झालं, वीज गेली.
संप संपावर गेला, मल्लिनाथ म्हणाला,
आणि इथे हसणारी मी एकटीच.
पाणी पहिल्या पायरीला लागलं होतं.
व्हर्लिन बॅटरी घेऊन आला, मागून त्याची बायको ऑड्री,
तिच्या दोन्ही हातांत रंगाच्या रिकाम्या बादल्या.
जिन्यावर आम्ही चौघं उभे राहिलो,
हातातून हातात.

काठोकाठ नको, मी म्हटलं. डचमळतं.
बोटभर रिकामी ठेवा.
दंडाने नाही उचलायची, कमरेतून वळा.
कसल्या इंग्रजीत सांगितलं कोण जाणे,
पण ऑड्री कमरेतून वळली.
तीन तास कुणी फारसं बोललं नाही.
मध्येच व्हर्लिनने विचारलं, हे कुठे शिकलीस?
मी सांगितलं.
त्याने ते नाव एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं, चुकीचं,
आणि पुढची बादली दिली.

रविवारी आईचा फोन.
तिचा पहिला प्रश्न कायम तोच, पाणी आहे का?
आहे, मी म्हटलं.
पुरतं का?
तळघरातून मोटरचा आवाज येत होता.
ती म्हणाली, कसला आवाज गं?
मी म्हटलं, गिरणी.

तिला सांगितलं नाही.
मल्लिनाथलाही नाही,
की त्या रात्रीची शेवटची बादली
मी बाहेर ओतली नाही.
जिन्याखाली आहे, वर ताट झाकलेलं.