पेव

सकाळी मूठ मिटत नाही.
मिटते, पण आत हळकुंडांची जुडी धरल्यासारखी
जागा राहते.
गॅसचं बटण फिरवायला राजमतीला हाक मारते.
जाऊ माझी. येते, काही न बोलता फिरवते, जाते.
नऊ वाजेपर्यंत बोटं माझी होतात. थोडी.

वीस वर्षं मार्केट यार्डात हळद निवडली.
गड्डा वेगळा, हळकुंड वेगळं, कणी वेगळी.
डोळे मिटून सांगायची, कुठलं आतून पोकळ.
आता माझीच पेरं मधेच फुगलेली, टोकाला वाकडी.
अडत्यानं कुठल्या ढिगात टाकली असती?

मग दम लागायला लागला.
मिरजेच्या दवाखान्याचा जिना, एकवीस पायऱ्या,
दोनदा बसले.
रक्त काढणारा इरफान म्हणाला, मावशी, आठ.
म्हटलं, किती पाहिजे?
बारा.

आठ कळल्यावर गल्ली कामाला लागली.
चंपाबाईचं बीट,
कुणाचा खजूर, कुणाचे गूळशेंगदाणे,
भाजी लोखंडी तव्यातच करा म्हणून निरोप.
लोहाच्या गोळ्या दोन महिने.
पोटाचा दगड झाला.
रक्त आठच.

डॉक्टर मगदूमांनी रिपोर्ट माझ्याकडं वळवला.
“लोह कमी नाही, आक्का. साठा भरपूर आहे.
पण अंगात सूज आहे ना, तिनं त्याला कुलूप घातलंय.
आणि मूत्रपिंडातून एक संप्रेरक निघतं,
हाडांच्या मगजाला सांगायला, रक्त कर म्हणून.
तुमच्यात ते निघतंही कमी,
आणि निघालं तरी मगज नीट ऐकत नाही.”

मी म्हटलं, पेव.
ते म्हणाले, काय?

अप्पा हरिपूरला पेवं उघडायचे.
वर काहीच दिसायचं नाही. गवत, खुंटीला शेळी.
खाली दोन पुरुष खोल हळद,
ना ओल, ना कीड.
तोंडावर फरशी, फरशीवर माती.
बाजारात भाव कितीही चढो,
मालकाची चिठ्ठी आल्याशिवाय मातीला हात नाही.
आणि चिठ्ठी आली तरी अप्पा उतरायचे नाहीत.
फरशी काढून ठेवायचे. तंबाखू मळत बसायचे.
मग दोरीला बांधून कंदील सोडायचे.
विझला, तर आतली हवा मेलेली.
घाई केलेले दोघे त्यांनी पाहिले होते.
नावं कधी सांगितली नाहीत.

“मग आपण दोन्ही करू,” डॉक्टर म्हणाले.
सूज उतरवायची गोळी, आठवड्यातून एकदा, शनिवारी.
आणि तेच संप्रेरक, बाहेरून, सुईनं.
बर्फाचा डबा मांडीवर घेऊन बसमध्ये बसायची.
कंडक्टर विचारायचा, मासळी काय?

चौथ्या आठवड्याला आठ पूर्णांक दोन.
राजमती म्हणाली, एवढ्या पैशात दोन?
तेही पूर्णांकाच्या पलीकडले?
डॉक्टर म्हणाले, चिठ्ठी पोचलीय, पण
वाचायला बसलेत ते लोक.
एव्हाना तेही पेवातलंच बोलायला लागले होते.
गोळी वाढवली. तोंड आलं. आठवडाभर ताकभात.

आठव्या आठवड्याला नऊ.
सुजेचा आकडाही उतरला, म्हणाले.
मला आकड्यातलं कळत नाही,
जिन्यावर एकदाच बसले, एवढं कळलं,
आणि बसले तीही दम लागला म्हणून की सवयीनं,
नक्की सांगता येत नाही.

परवा राजमतीनं गॅसपाशी उभं राहून विचारलं,
आता फिरवताय का तुम्ही?
म्हटलं, थांब.
कंदील अजून खाली जातोय.
तिला वाटलं, ताप चढला.
कपाळाला हात लावून बघितला तिनं,
थंड होतं.
मग तिनंच बटण फिरवलं,
आणि पहिल्यांदा, जायच्याऐवजी,
चहा होईस्तोवर तिथंच उभी राहिली.