खांब क्रमांक सदतीस

आधी फ्रीजर रिकामा करा, मथुरा म्हणाली,
बांगड्यांशेजारी आंबा ठेवलात
तर दोघांचंही नाव बद्दू होईल.
म्हणून बांगडे सकाळीच तळून संपवले,
सुंगटांची पिशवी एस्पेरांसाबायकडे पाहुणी पाठवली,
तिने ती ठेवून घेतली
आणि मोकळ्या हाताने परत जाऊ दिलं नाही:
नऊ मानकुराद, दोन पडून फुटलेले,
देठाशी अजून ओला चीक.

निवृत्त झाल्यापासून असली कामं मी करतो.
चौतीस वर्षं वीज खात्यात, सगळी हळदोण्यात,
हातात पक्कड, कमरेला पट्टा.
आता हातात काटा
आणि कमरेला मथुराचा टॉवेल.

कृती लिहून ठेवण्याइतकी मोठी नाही.
गर काढायचा. कोय स्वतः चोखायची.
मानकुरादला साखर दाखवणं हा त्याचा अपमान,
तरी दोन चमचे घालायचीच,
थंडीत गोडी झोपी जाते,
तिला हाक मारावी लागते.
मीठ चिमटीभर. अर्धं लिंबू.
पसरट स्टीलचा डबा, वर झाकण,
आणि दर तासाला उठून काट्याने खरवडायचं,
कडेचे खडे मध्ये, मधला रस कडेला.
कंटाळा केला तर जे होतं
ते ताटलीत वाढत नाहीत,
भिंतीला लावतात.

पहिल्या तासाला नुसती किनार धरली होती.
पंखा होता, पण गरम हवा
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवत होता,
खात्यातल्या फायलीसारखा.
दुसऱ्या तासाला काटा करकरला.
तो आवाज ऐकायला मथुरा
ओल्या हातांनी आत आली,
एक बोट घातलं, काही बोलली नाही,
दुसरं बोट घातलं.

तिसरा तास भरायच्या आत वारा उठला.
कौलांवरून गेला, माडांतून गेला,
आणि रस्त्याच्या वळणावर काहीतरी
आधी कुरकुरलं, मग एकदम मोडलं.
फ्रीजला एक हुंदका आला. मग शांत.

पाच मिनिटांत तीन फोन.
मी आता खात्यात नाही, हे गावाला पटलेलं नाही.
पण मला बघायला जावंच लागलं नाही.
खांब क्रमांक सदतीस.

सोळा मे महिन्यांपूर्वी तिथे शिडी लावून
मी कोयता उगारला होता.
तारेवर आलेली फांदी, नियमाप्रमाणे छाटायची.
खाली एस्पेरांसाबाय, डोक्यावर रुमाल:
पुता, ही खांदी सोड.
हिचेच आंबे गोड.
मी खाली उतरलो. वहीत लिहिलं,
फांदी छाटली, आणि सही केली.
चौतीस वर्षांत तेवढी एकच ओळ खोटी.

आज ती रस्ताभर आडवी पडली होती,
दोन तारा कुशीत घेऊन,
आणि एस्पेरांसाबाय लांब काठीने
कैऱ्या एकेक करून ओढून घेत होती.
वीज बंद आहे ना रे? तिने विचारलं,
अर्ध्या कैऱ्या ओढून झाल्यावर.

साईश आला, खात्यातला नवा पोरगा,
हेल्मेटखालून घाम टपकत होता.
तासभर करवत चालली.
मथुराने डबा तसाच बाहेर आणला:
मधोमध एक पिवळं बेट,
भोवती रस, रसात चुरचुरीत खडे,
घट्टही नाही, पातळही नाही.
वाट बघण्यात अर्थ नव्हता,
पलीकडे सुंगटंही वितळत असतील.
चार वाट्या भरल्या.

साईशने उभ्याउभ्याच खाल्लं,
हेल्मेट काखेत, डोळे मिटून.
मग वाटीच्या तळाला चमचा घासत म्हणाला,
काका, वहीत तर ही फांदी छाटलेली आहे.
कुणी सोडली असेल?

मी मोठा घास घेतला.
दातांना कळ गेली, कपाळात थंडी चढली.
एस्पेरांसाबाय कैऱ्या मोजत होती.
तोंडात बर्फ असला
की माणसाला उत्तर देता येत नाही.