हातचे चाळीस

पेनिशच्या मच्छीमार सोसायटीत
आर्लिंदुची खुर्ची मला फेब्रुवारीत मिळाली,
आणि खुर्चीसोबत एक फाइल:
‘वाटप_अंतिम_अंतिम_खरी_३’.
तिच्या आधीच्या दोन अंतिम
त्याच फोल्डरात पडून होत्या,
एकीनेही अजून प्राण सोडला नव्हता.

पहिला आठवडा मी चुका सोडवल्या,
जाळ्यातून खेकडे सोडवावेत तशा, बोटं सांभाळून.
नवा वजनकाटा परदेशी, त्याला आमचा स्वल्पविराम कळत नाही,
तो दशांशाला टिंब देतो;
सव्वा किलो माकूल साडेबाराशे किलो झाली
आणि बेलार्मिनु एका दुपारपुरता
अख्ख्या बंदराचा सावकार.
बोटींच्या क्रमांकांपुढची शून्यं गळून गेलेली.
खोक्यांच्या खाली कुणी लिहिलं ‘३-४’,
फाइल म्हणाली, तीन एप्रिल.
कुणाच्या नावामागे एक रिकामी जागा चिकटलेली,
डोळ्यांना दिसत नाही,
पण शोधायला गेलं की उत्तर येतं:
असा माणूसच नाही.

मला हे सगळं येतं.
लिस्बनला कोर्स केलाय, प्रमाणपत्र आहे,
भिंतीवर जरा तिरकं लागलंय, पण आहे.

मग सव्वीस तारखेला, पैसे सोडायच्या दिवशी,
बेरीजच मोडली.
डी रकाना, ओळ एकशे सतरा: #रेफ!
तिथून खाली, ओल्या दोरावर शेवाळ पसरावं तसं,
प्रत्येक बेरजेत तेच.
संदर्भ हरवला, एवढंच ते सांगतं.
कुणाचा, ते नाही.

आदल्या संध्याकाळी मीच एक ओळ काढून टाकली होती.
निवृत्त माणसाची. राइट क्लिक, डिलीट,
आणि घरी जाऊन सूप गरम केलं होतं.

ओळ एकशे सतरा म्हणजे आल्व्होरादा.
ती बोट नऊ वर्षांपूर्वी बेर्लेंगाच्या पलीकडे गेली
आणि आली नाही.
मी जुनी प्रत उघडली.
मासळी शून्य, गुणिले भाव,
अधिक आर्लिंदुच्या ओळीतलं एक घर.
कोणतं घर?
जे नंतर थेट एल होता.
इतके दिवस माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.
दृष्टीआड सृष्टी म्हणतात, ती ही, दोन मिलीमीटर रुंदीची.
लपवलेला के रकाना उघडला:
वरपासून खालपर्यंत कोरा,
फक्त त्याच्या नावासमोर चाळीस.
त्याच्या पगारातून वजा,
एर्मेलिंदाच्या खात्यात जमा.
शाळेतला हातचा:
एका घरातून उचलायचा, दुसऱ्यात मिळवायचा,
आणि कडेला लिहिलेला पुसून टाकायचा.
ताळा नऊ वर्षं जुळत होता,
म्हणून कुणी विचारलं नाही.

फोन केला. मागे कोंबड्या ओरडत होत्या.
‘कुठली ओळ काढलीस?’ एवढंच त्याने विचारलं,
मग बराच वेळ कोंबड्याच.
‘ती विम्याचे समजते,’ तो म्हणाला. ‘समजू दे.’
त्याची पेन्शन, माझं भाडं, माझ्या मुलाचे दात,
सगळं आम्ही फोनवर मांडलं.
तो वीस म्हणाला. मी साडेसतरा.
त्याहून पुढे दोघांनाही जाता येईना.

घराला दशांश दाखवू नकोस, असं मी सांगितलं.
पडद्यावर अडतीस दिसू लागले,
आत साडेसदतीस.
बाजूला टिपणी लिहिली, कारण टिपणीशिवाय आकडा ठेवू नये,
हेही शिकलेय.
काय लिहिलं ते सांगत नाही.
के रकाना पुन्हा मिटला.

तिसऱ्या दिवशी एर्मेलिंदाने
खिडकीतून पासबुक आत सरकवलं.
बँक काही पूर्णांकात बोलत नाही.
‘अडीच कमी आहेत,’ ती म्हणाली.
मी स्क्रीनकडे बघत राहिले.
तिने चष्मा काढला, पदराने नव्हे, बाहीने पुसला,
परत घातला.
‘आर्लिंदु आजारी तर नाही ना?’