बाराच्या आत

वास्कोत, बंदराच्या फाटकाजवळ,
खाली मासळीच्या बर्फाचं गोदाम, वर आमची कचेरी.
बुडालेल्या एका शिपिंग एजन्सीची एकोणीस खोकी,
त्यातलं काहीही नाव टाकून शोधता यावं,
एवढंच माझं काम.

पहिल्या दिवशी पडद्यावर
पोटातून काठी आरपार गेलेले ओ,
तिरकी टोपी घातलेले यू.
मला वाटलं, पोर्तुगीज.
आमच्याकडे जुनं आणि न कळणारं सगळं पोर्तुगीजच असतं.
साखळीहून निसारमास्तर आले, चष्मा पुसला,
म्हणाले, बाई, ही अरबी आहे,
तुमच्या यंत्रानं सोलून ठेवलीय.

एक पर्याय चुकला होता. तो बदलला
तशा ओळी उजवीकडून चालत आल्या,
सुट्या अक्षरांनी एकमेकांचे हात धरले.
मास्तर वाचत गेले:
बसरा, कांदे सहा पोती, भटारी एक.

लिबेराता फुर्ताद, चिखलीची,
गेल्या वर्षीही आली होती.
पास्कोल टाकून काहीच येईना,
शेवटी खलाशी क्रमांकावर एक ओळ सापडली:
जहाज सोडलं, नऊ एप्रिल अठ्ठ्याहत्तर.
मीच छापून दिली. वर शिक्काही मारला.

तिच्याकडे त्याचं शेवटचं पत्र जुलैचं.
'जहाजावर बरा आहे, कप्तान माझा पाव मागून खातो.'
एप्रिलात उतरलेला माणूस
जुलैत कुठला पाव भाजत होता?
तिनं विचारलं नाही. कागदाच्या चार घड्या घातल्या.
नंतर कळलं, त्याचा फोटो तिनं
कपाटात पालथा घातलाय.

यंत्राला अमेरिकेची सवय, आधी महिना मागतं.
तेरापासून पुढचे दिवस महिना म्हणून बसेनात,
ते त्यानं लाल करून बाहेर फेकले;
ते मी आठवड्याभरात निस्तरले.
बाराच्या आतले मात्र
हूं की चूं न करता उलटले
आणि सभ्यपणे रांगेत जाऊन बसले.

मूळ पान काढलं.
तीच शाई, तोच हात, वरच्या ओळीत
एकोणीस, मग आठ.
एकोणिसावा महिना बसऱ्यातही नसतो.
म्हणजे खालचे चार आणि नऊ
हे चार सप्टेंबर.

आणि नाव?
अरबीत प नाही, मास्तर म्हणाले.
तिथल्या कारकुनानं कानाला आलं ते लिहिलं: बास्कोल.
म्हणून तो सत्तेचाळीस वर्षं
आपल्याच नावाला ओ देत नव्हता.

रात्रभर अनुक्रमणी पुन्हा चालवली.
खाली बर्फ फोडत होते.
तीन हजार दोनशे अकरा ओळी,
त्यातल्या किती, कोणाकोणाच्या घरी
मी शिक्का मारून पाठवल्या, त्याची यादी निघत नाही.

लिबेराता आली. मी सांगितलं,
सप्टेंबर. जुलैत तो जहाजावरच होता.
ती बराच वेळ खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत राहिली.
मग म्हणाली, तुज्या मशिनीक सांग,
पास्कोल म्हण.
सांगितलंय, मी म्हटलं. आता दोन्ही चालतं.

पोच घेताना तिनं तारीख घातली.
दिवस आकड्यात. मग थांबली,
माझ्याकडे एकदा पाहिलं,
आणि महिना अक्षरांत लिहिला.